अष्टमांश

पंधराव्या पायरीवर
नाशिकचा मे महिना संपतो.
तिथून खाली बारा अंश, एक पिवळा बल्ब
आणि लाकडी घोड्यांवर
माना खाली घालून बसलेल्या
चार हजार बाटल्या.

माझं काम फिरवण्याचं.
प्रत्येकीच्या बुडावर खडूची रेघ असते.
ती रेघ आज आठव्या हिश्शाने उजवीकडे,
उद्या पुन्हा आठव्या हिश्शाने.
दोन हातांत दोन, खट् खट्,
आणि इतकं अलगद, की आतल्या गाळाला
आपण हललो हे कळू नये,
नुसतं गळ्याकडे घसरत यावं.

शेजारच्या रांगेतली हौसा गांगुर्डे म्हणते,
लेकरू निजवल्यासारखं आहे बघ.
मला नाही तसं वाटत.
मला तांबट आळी आठवते.

अप्पा खरवईवर हंडा अडकवून बसायचे.
एक ठोका, जरासं वळण,
एक ठोका, जरासं वळण,
हंडा स्वतःभोवती फिरून जागेवर येईपर्यंत
बोलणं नाही, पाणी नाही.
मठारलेल्या तांब्यावर उमटत जायच्या
टिकल्याच टिकल्या, एकीला एक खेटून.
गल्लीत बारा दुकानं, बारांचे बारा ठेके.
चाळिशीतच अप्पांचे कान गेले.
पुढे स्टील आलं, हातोडा थांबला.
कान काही परत आले नाहीत.

वर चाखायच्या खोलीत पाहुणे विचारतात,
हे फ्रान्ससारखंच ना?
गाईड पोरगा तीनशे वर्षांची गोष्ट सांगतो,
तिथली खडूच्या दगडातली तळघरं, तिथलं धुकं,
तिथलं ते नाव,
जे आपण लेबलावर छापायचं नाही.
बरोबरच आहे, नाव त्यांचं.
पण डोंगर पोखरून आत गारवा कसा धरायचा
हे आम्हाला कुणी सांगू नये.
पांडवलेणी चढून घामाघूम व्हावं
आणि आत पाठ टेकवून बघावी.

कधी एखादी फुटते. कारण सांगत नाही.
तोंडावर जाळी, हातात चामड्याचे मोजे,
तरी माझ्या मनगटावर एक पांढरी रेघ आहे,
ती खडूची नाही.

दिवाळीला उजगरे साहेबांनी
प्रत्येकीला एक बाटली दिली, पावतीसकट.
मी पीत नाही. अप्पाही नाहीत.
तीन दिवस ती पिठाच्या डब्यामागे
चोरासारखी उभी होती.
चौथ्या रात्री अप्पा म्हणाले,
काढ ती. बघू तुझं काम.

बूच उडालं. मी दचकले, ते नाही.
चहाच्या काचेच्या ग्लासात ओतली,
त्यांनी ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला.
तळातून वर, तळातून वर,
टिकल्या.
मग ग्लासाच्या तोंडावर तळहात पालथा धरला,
जसा तापलेल्या भांड्यावर धरून अंदाज घ्यायचे.
उकळतंय, म्हणाले. आणि गार.

मी काही बोलले नाही, बोलून उपयोग नसतो.
हात तसाच ठेवून बसले ते.
बऱ्याच वेळाने, आपला आवाज
किती मोठा आहे हे न कळणाऱ्या माणसाच्या आवाजात
त्यांनी विचारलं,
ठोके पडतायत गं, बारीक बारीक.
किती दुकानं आहेत आत?

प्यायले नाहीत.
सकाळी ग्लास ओट्यावर होता, तळ दिसणारा, गप्प.
मी तो मोरीत रिकामा केला, विसळला,
आणि निमाणीवरून
साडेसातची दिंडोरी पकडली.